या खोलीत सांत्वन करू नये

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या बहिणीच्या मुलाचा नमस्कार. (पद्धत साष्टांग नमस्कार लिहायची आहे, पण एक जड सिलिंडर एकट्यानं सरकवल्यापासून माझ्या कमरेत उसण भरली आहे. मी खरोखर जेवढा वाकू शकतो तेवढाच नमस्कार लिहितो.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांच्या कानातलं यंत्र अजून शिट्टी मारतं का? तुझे फोन येऊन गेले आणि मी ते घेतले नाहीत, याचा राग मानू नकोस. तुझा आवाज थेट आईसारखा आहे. तू "जेवलास का?" म्हणतेस आणि मी फोन कानाला धरूनच स्वयंपाकघराकडे बघतो. म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच कुणी "बरं, मग पुढे?" असं विचारत नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला पुढचं सांगायला सोपं जातं.

मी बरा आहे. हे आधी लिहून टाकतो. आई गेल्यावर मी लगेच कामावर गेलो, ते तुला आवडलं नाही हे मला कळलं. इथेही कुणाला आवडलं नाही. "थोडे दिवस घरी बस, विश्रांती घे" असं सगळे म्हणत होते. पण मावशी, घरी बसलं की माणसं येतात. ती आली की मान एका बाजूला कलती करून बसतात आणि मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघतात. मला काही सुचत नाही. मग थोड्या वेळानं त्यांनाच भरून येतं, आणि मी त्यांना पाणी आणून देतो. खालच्या मजल्यावरच्या काकू तर आईबद्दल बोलता बोलता आपल्या हरवलेल्या मांजरावर गेल्या आणि त्यांना सावरायला मला संध्याकाळ लागली. त्या गेल्यावर घर पुन्हा गप्प. ते त्याहून वाईट. आई दोघांच्या वाटचं बोलायची हे तुला माहीत आहेच. आता माझ्या वाटचं बोलायलाही कुणी नाही. म्हणजे घरी एक तर सांत्वन, नाही तर शांतता. कामावरची खोली तेवढी तिसरी जागा होती आणि तीच जायची वेळ आली होती. ते कसं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आता माझं काम काय ते नीट सांगतो. आईनं सगळीकडे "हा डॉक्टरांना दोरा पुरवतो" असं सांगून ठेवलं आहे आणि त्यामुळे दोन लग्नांत लोकांनी मला उसवलेल्या टाक्यांविषयी तक्रारी सांगितल्या आहेत. मी टाक्यांचा दोरा करत नाही. आम्ही एक प्रकारचं प्लॅस्टिक द्रावकात विरघळवून मधासारखं दाट करतो. ते सिरिंजमध्ये भरतो. पंप ती सिरिंज इतकी हळू दाबतो, की बघणाऱ्याला वाटावं पंप झोपला आहे. सुईला हजारो व्होल्टची वीज जोडलेली असते आणि समोर एक ड्रम फिरत असतो, त्याची तार जमिनीला. सुईच्या टोकावर थेंब येतो, विजेच्या ओढीनं त्याला टोक फुटतं, आणि त्या टोकातून तंतू निघतो. केसाचे शंभर उभे चिरे केले तर एक चिरा जेवढा जाड, तेवढाच. हवेत गरागरा फिरत, वाळत तो ड्रमवर जाऊन बसतो. असे तंतू एकावर एक बसले की पातळ पांढरं पटल तयार होतं. त्यावर शरीरातल्या पेशी सोडायच्या. वेलीला मांडव घालावा तसं आहे हे. पेशी त्यावर चढतात, पसरतात, नवी कातडी धरते, आणि मग मांडव आपोआप विरघळून जातो. भाजलेल्या माणसांसाठी याचा उपयोग व्हावा, असा आमचा प्रयत्न आहे. (आईला हे सगळं एकदा सांगितलं होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "म्हणजे दोराच की" म्हणाली.)

आमच्या खोलीत तिघं. एक आमचे सर. डोक्यावर एकही केस नाही आणि त्याची भरपाई नियमांनी केलेली. दुसरी एक तरुण संशोधक मुलगी, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तिचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही. ती मला दादा म्हणते. तिसरा मी. मला काय म्हणतात ते मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

तर झालं असं, की आमच्या तंतूंना मणी यायला लागले. चांगला तंतू सूक्ष्मदर्शकाखाली सरळ, सारख्या जाडीचा दिसतो. आमचा दिसायचा तो ओवलेल्या माळेसारखा: जरा तंतू, की एक गोळा, जरा तंतू, की एक गोळा. अशा मांडवावर पेशी चढत नाहीत, गोळ्यांना अडखळतात. आणि नेमकी तेव्हाच मोठ्या साहेबांकडून सूचना आली: भाजलेल्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई पाहणीला येतील, त्यांना पटल पसंत पडलं तर ठीक, नाही तर खोली शेजारच्या रंग विभागाला. रंगवाले त्या दिवसापासूनच टेप घेऊन फिरायला लागले. आपल्या वाळवणीच्या कपाटांसाठी ते आमच्या भिंती मोजायचे, तेही आमच्यादेखत. एकदा मी टेपच्या मध्ये येतोय म्हणून त्यांच्या साहेबांनी मला जरा सरकायला सांगितलं, आणि मी सरकलो.

मण्यांचं कारण सरांनी शोधलं: हवेतला ओलावा. ओलाव्यानं मणी येतात हे पुस्तकातही आहे, त्यात त्यांची चूक नाही. पण सरांचं एकदा ठरलं की ते मुळापर्यंत जातात. त्यांनी भिंतीवर ओलावा मोजायचं घड्याळ लावलं आणि काट्याखाली खुर्ची टाकून बसले. पहिल्या दिवशी चहाची किटली बाहेर गेली. मग ओल्या छत्र्या. मग रेडिओची कुंडी. ("झाड श्वास सोडतं," सर म्हणाले. "सर, मीपण सोडते," रेडिओ म्हणाली. हे बोलायला नको होतं.) दुसऱ्या दिवसापासून यंत्र चालू असताना बोलायला बंदी झाली, कारण बोलताना तोंडातून वाफ जाते. रेडिओचं काय झालं असेल ते तूच बघ. ती खाणाखुणांवर आली, आणि तिच्या खुणासुद्धा इतक्या भराभर व्हायच्या की सरांना वाटायचं, वारा लागतो आहे.

मला मात्र हा नियम मानवला. पण एके दिवशी हिशेब विभागातले एक गृहस्थ मला भेटायला आले. सज्जन माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आई ती आईच," म्हणाले, आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. त्यांची आई हयात आहे, पण ती कधीतरी जाईल या विचारानं त्यांना राहवेना. सरांचं लक्ष घड्याळाकडे होतं. काटा सरकला. सरांनी काट्याकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: "या खोलीत सांत्वन करू नये."

लोकांनी नावं ठेवली. रेडिओनं सरांना खोलीबाहेर नेऊन झाडलं, "सर, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" सर म्हणाले, "ओलावा तो ओलावा. तो दुःखाचा आहे की किटलीचा, ते यंत्राला कळत नाही." मावशी, तू हसशील, पण मला त्या पाटीचं फार बरं वाटलं. येणारा माणूस दारात थांबायचा, पाटी वाचायचा, कलती केलेली मान सरळ करायचा आणि नुसता "काय, कसं काय?" विचारून जायचा. "ठीक" म्हटलं की भागायचं. पंप हळू हळू दाबत असायचा, ड्रम फिरत असायचा, कुणी बोलत नसायचं, आणि ती शांतता घरच्यासारखी नसायची; तिच्यात तीन माणसं असायची. ही खोली रंगवाल्यांच्या कपाटांना गेली तर मी दिवसभर कुठे जाऊ, हा विचार मला जेवताना यायचा. (जेवतो. तू विचारणारच म्हणून लिहिलं.)

मणी मात्र थांबेनात. काटा खाली उतरला तरी मणी तेवढेच, किंबहुना जास्तच. सरांनी आम्हाला श्वासही नाकानं आणि मापात घ्यायला लावला. रेडिओला चक्कर आली. तरी मणी.

पाहणीचा दिवस उजाडला. सकाळपासून धांदल. सर नवा कोट घालून आले आणि आरशापुढून हलेनात. रेडिओ व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंना सांगायच्या गोष्टी पाठ करत होती, कारण आत बोलायला बंदी. मी खोली झाडून, दार पुसून पाटी सरळ करत होतो. तेवढ्यात रंगवाले साहेब येऊन शेवटचं एकदा माप घेऊन गेले. यंत्राच्या मागून त्यांनी टेप ओढली आणि पलीकडून सोडून दिली, ती सपकन परत गेली. जाताना त्या टेपनं काय केलं ते आम्हाला मागाहून कळलं. ड्रमची जमिनीला जोडलेली तार चिमट्यानं लावलेली असते. तो चिमटा निघून खाली पडला होता.

डॉक्टरीणबाई आल्या. उंच, घाईत असलेल्या, थेट बोलणाऱ्या. सरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना पाटी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग सरांनी यंत्र चालू करायला लावलं, आणि पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून काचेच्या पेटीची खिडकी सरकवून, एका हातानं लोखंडी चौकट धरून, आत डोकावत कुजबुजत माहिती द्यायला सुरुवात केली. (खिडकी उघडायची नसते. हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. सरांनीच लिहिलं आहे.)

आता तंतूचा स्वभाव असा, की त्याला जमीन हवी. ड्रमची वाट बंद, म्हणून तो दुसरी शोधायला लागला, आणि जमिनीला जोडलेल्या चौकटीला हात लावून उभी असलेली सर्वांत जवळची, गोल, गुळगुळीत वस्तू म्हणजे सरांचं डोकं. (काळजी करू नकोस. या यंत्रातला प्रवाह इतका किरकोळ असतो की झटका सोड, गुदगुलीही होत नाही. म्हणूनच सरांना पत्ता लागला नाही.) ते कुजबुजत होते आणि त्यांच्या टाळूवर आधी धुकं आल्यासारखं झालं, मग साय धरल्यासारखं, मग सशाच्या पाठीसारखं.

रेडिओला पहिल्यांदा दिसलं. बोलायची सोय नाही. तिनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. सरांना वाटलं, हिचं डोकं दुखतंय. त्यांनी तिला बाहेर जायची खूण केली. तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर मोठा घुमट काढून दाखवला. सर मान हलवून पाहुण्यांना कुजबुजले, "नवीन आहे ती." शेवटी तिनं कागदावर ठळक अक्षरांत "सर, डोकं!!" असं लिहून वर धरलं. सरांनी ते वाचलं आणि इतक्या रागानं पाहिलं की तिनं कागद हळूच पाठीमागे लपवला.

तू म्हणशील, यंत्र चालवत होतास तू, मग बंद का केलं नाहीस? खरं सांगतो. माझा हात बटणावरच होता. पण तंतू इतका सुंदर पडत होता! एकदाही तुटला नाही, थेंब गळला नाही. इतक्या दिवसांत असा तंतू पडला नव्हता, आणि तो पडत होता तो सरांवर. बंद करणं माझ्या जिवावर आलं.

शेवटी डॉक्टरीणबाईच मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, तुमच्या डोक्यावर काहीतरी उगवतंय."

मी यंत्र बंद केलं. सरांनी डोक्याला हात लावला आणि तोही चिकटला. रंगवाले साहेब पुन्हा येऊन दारात उभे होते, ते इतके हसले की काटा त्यांच्यामुळेही हलला असेल. सर लाल झाले. नवा कोट, मोठी पाहणी, आणि डोक्यावर पांढरी टोपी. मला वाटलं, संपलं. गेली खोली. उद्यापासून घरी, मान कलती करून बसलेल्या माणसांसमोर.

डॉक्टरीणबाईंनी मात्र पर्समधून चिमटा काढला. (पर्समध्ये चिमटा बाळगणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.) "हलू नका," म्हणाल्या आणि सरांच्या टाळूवरून ती टोपी अलगद, अख्खी सोलून काढली. सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूला होऊन मला म्हणाल्या, "बघा." मी पाहिलं. एकही मणी नव्हता. सरळ, सारखे, एकमेकांवर टेकलेले तंतू.

"मला हेच हवंय," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम," सर म्हणाले, "हे... हे डोक्यावरचं आहे."

"म्हणूनच! नेहमीचे सपाट तुकडे मी टाळूवर, कोपरावर ठेवते आणि त्यांना चुण्या पडतात. माणूस काय टेबल आहे? हे बघा, कसं घडवल्यासारखं बसलं होतं. हेच नको, हे स्वच्छ नाही. पण असंच करून द्या." आणि मग विचारलं, "इतके दिवस मणी येतात असं कळवत होतात ना? आज का नाहीत?"

तेव्हा चौकशी सुरू झाली. द्रावण रात्रभर ढवळत ठेवलेलं असतं आणि त्यातला थोडा द्रावक उडून जातो, म्हणून सकाळी आल्यावर मी चमचाभर द्रावक घालतो. ते माझं काम. बाईंनी विचारलं, आज घातला का? मी म्हटलं, नाही, आज धांदलीत राहून गेलं. तेव्हा रेडिओ एकदम म्हणाली, "पण मीपण आज नाही घातला!"

"तू?" मी विचारलं. "तू कशाला घालतेस?"

"अहो दादा, मी रोज घालते. तुम्ही यायच्या आधी. तुमचं चित्त ठिकाणावर नसेल, तुम्ही विसराल, आणि सर तुम्हाला बोलतील... म्हणून आई गेल्यापासून मीच घालते. तुम्हाला कळू नये म्हणून बाटली तशीच ठेवते."

सर छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मीसुद्धा. आज सोडून, रोज."

"तुम्हीपण, सर?"

"हा माणूस सुटी घेत नाही. म्हटलं, निदान तेवढं एक काम..." एवढं बोलून त्यांनी कोटाची बटणं तपासली.

तर मावशी, असा प्रकार. एकाच भाजीत तिघांनी मीठ घालावं तसं. मी एक चमचा, रेडिओ एक चमचा, सर एक चमचा; मधासारखं असायचं ते द्रावण ताकासारखं पातळ व्हायचं, आणि पातळ द्रावणाला मणी येतात. दारावर सांत्वनाला बंदी असताना दोघंही रोज सकाळी बाटलीत सांत्वन ओतत होते. यंत्र बंद होतं, बोलायला परवानगी होती, तरी कुणी बोललं नाही. फक्त काटा हळू हळू वर चढायला लागला. सरांनी तो पाहिला. पण तो कुणामुळे चढतो आहे, याची चौकशी त्यांनी केली नाही. डॉक्टरीणबाईंनी पर्समधला रुमाल काढला आणि "धूळ फार आहे इथं," म्हणाल्या. मी सकाळीच झाडलं होतं.

खोली आमच्याकडेच राहिली. रंगवाल्यांनी कपाटं जिन्याखाली लावली. सरांच्या डोक्याचा साचा काढला आहे. त्यावर धातूचा पत्रा बसवून तो ड्रमच्या जागी लावला आहे. आता पेटीत दिवसभर सरांचं डोकं गोल फिरतं. रेडिओ त्याला रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणते. (साच्याला. सरांना दुपारपर्यंत म्हणत नाही.) पटलं चांगली उतरतात. पाटी कुणी काढली नाही, पण आता ती वाचून लोक हसतात, त्यामुळे तिचा काही उपयोग राहिला नाही.

असं सगळं ठीक आहे. काकांना नमस्कार सांग, जरा मोठ्यानं. तू गुडघ्यांना जप.

तुझा भाचा

ता. क. आईचं कपाट आवरलं. तिच्या हातचं अर्धवट विणलेलं काहीतरी सापडलं. एक बाही आहे, पण बाकीचं काय होणार होतं ते कळत नाही. तुला कळेल.

ता. क. २. एक गोष्ट वर लिहायची राहिली. काम तडीला गेलं म्हणून सरांनी मला बक्षीस दिलं: आठवडाभराची सक्तीची रजा. रेडिओनंच सुचवलं. मी नको म्हटलं तर दोघांना वाटलं, मी भिडेखातर म्हणतो आहे. शिवाय त्याच दिवसांत खोलीत ओलावा शोषणारं यंत्र बसवायचं आहे, म्हणून खोलीलाही कुलूप. म्हणजे मी वाचवली ती खोली, आणि आठवडाभर बाहेर मीच. तेव्हा विचारायचं असं, की तुझ्याकडे येऊ का? तू तेव्हा "माझ्याकडे चल" म्हणालीस आणि मी "बघू" म्हणालो होतो. बघितलं. मला कुठलाही कोपरा चालेल. माळ्यावरचं काही काढायचं असेल तर मी काढून देईन (कमरेचं बघून). तू आईबद्दल बोललीस तरी चालेल. मी फारसं बोलणार नाही, पण तू माझ्या वाटचंही बोललीस तर मला सवय आहे.

ता. क. ३. हे पेन्सिलीनं, मांडीवर धरून लिहितो आहे, अक्षराबद्दल माफ कर. पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो. पण पोस्टानं ते पोचणार, तू उत्तर लिहिणार, ते मला मिळणार, तोवर रजा संपेल, असा हिशेब करता करता मी स्टेशनावर पोचलो. आता तुझ्या दारासमोर पायरीवर बसलो आहे. दारात उभं राहून हे सगळं तोंडानं सांगणं मला जमायचं नाही, म्हणून पत्र दाराखालून सरकवतो आणि बेल वाजवतो. समोरच्या घरातले गृहस्थ मघापासून माझ्याकडे संशयानं बघत आहेत. तेव्हा आधी दार उघडून पत्र मागाहून वाचलंस तरी चालेल. (हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, ते आत्ता लक्षात आलं.)